लाइटवरच्या गाडीची मुराळी

आमची डिझेल गाडी विकली गेली त्या दिवशी माझा नवरा जेवला नाही. गाडी घेणारा पहूरचा बी-बियाण्यांचा दुकानदार होता, भला माणूस. त्याला चावी देताना नवऱ्याने जेवढ्या सूचना दिल्या तेवढ्या आमच्या मुलीच्या सासरच्यांनाही दिल्या नव्हत्या. सकाळी उठल्याउठल्या रेस करू नका. लांबून आलात की लगेच बंद करू नका, टर्बोला जरा निवू द्या. पावसाळ्यात हिचा उजवा दरवाजा कुरकुरतो, मनावर घेऊ नका. तो भला माणूस ‘हो भाऊ, हो भाऊ’ म्हणत गाडीत बसला आणि आमच्या डोळ्यांदेखत रेस करून निघून गेला. नवरा फाटकाशी उभा राहून तो आवाज पार हायवेला लागेपर्यंत ऐकत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, हे इथे सांगून टाकते.

आम्ही असोद्याला राहतो. माझी शाळा जळगावात, त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकानही जळगावात. पण गाडी बदलण्याचं कारण शाळा नव्हे, दुकान नव्हे आणि पर्यावरण तर नव्हेच. कारण होतं त्याची आई. तिला आम्ही अक्का म्हणतो, अख्खं गावच म्हणतं.

अक्का साक्रीकडची. लग्न होऊन असोद्याला आली त्याला आता जन्म झाला, पण भाषा तिने तिकडचीच ठेवली. तिच्या पाठची बहीण साक्रीतच दिली, ती आमची मावशी. मावशीचे यजमान गेले, मुलगा-सून सुरतेला असतात, ती एकटी राहते. दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलतात, काय भाजी केली इथपासून कोण आजारी आहे इथपर्यंत. भेट मात्र वर्षानुवर्षं नाही. कारण दोघींना एकच दुखणं: गाडी लागते. लहानपणी वडील त्यांना एसटीने जत्रेला न्यायचे, तेव्हा एकीला डावीकडची खिडकी आणि दुसरीला उजवीकडची द्यायचे आणि स्वतः मधल्या जागेत डोळे मिटून बसायचे, असं अक्का स्वतःच सांगते. डिझेलचा नुसता वास आला तरी तिचा चेहरा उतरतो. आमच्या जुन्या गाडीतून ती एकदाच जळगावपर्यंत गेली होती. परत येताना ती रिक्षाने आली आणि गाडी नवऱ्याने धुवायला नेली.

तर या मावशीला दरवर्षी आखाजीला असोद्याला आणायचा तिचा भाऊ. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती लेकीबाळींची. त्या सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. माहेर मोडलं तसं दोघींच्या भावाने थोरल्या बहिणीचं घर हेच माहेर ठरवलं. दर आखाजीला तो मावशीला घेऊन आगगाडीने धुळे, चाळीसगाव, जळगाव असा वळसा घेत यायचा. आगगाडी तिला लागत नाही, साक्री ते धुळे तेवढं एसटीत ती नाकाला पदर लावून निभावायची. मग तो भाऊ गेला. त्या वर्षी मावशी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. यंदा होळीनंतर फोनवर ती म्हणाली, ‘‘आते मले लेवाले कोन येई?’’ फोन स्पीकरवर होता. अक्काने तो उचलून तोंडाशी धरला. मग म्हणाली, ‘‘मी येसू. मीच तुनी मुराळी.’’

बाई कधी मुराळी झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं, आणि तीही सत्तरी ओलांडलेली, दोन किलोमीटरवर ओकारी येणारी. पण ती बोलली आणि फोन ठेवून दळण निवडायला बसली. झालं. आता तिला साक्रीला न्यायचं कसं हा प्रश्न आमचा होता.

मी म्हटलं, विजेवरची गाडी घेऊ. धूर नाही, वास नाही, धडधड नाही. नवरा म्हणाला, ‘‘आणि साक्रीच्या अलीकडे बंद पडली तर ढकलायला तू उतरशील?’’ आठवडाभर हे चाललं. मग नाशिकला एका लग्नाला गेलो असताना त्याने कुठल्याशा शोरूममध्ये प्लग-इन हायब्रीड पाहिली. घरी प्लग लावून बॅटरी भरायची, बॅटरी आहे तोवर गाडी विजेवर चालते, ती संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. अशा गाड्या आपल्याकडे अजून मोजक्याच, जळगावात तर बघायलाही नव्हत्या. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच होतात. तो अर्धा हरतो, मी अर्धी जिंकते आणि मधे जे उरतं ते आम्ही विकत आणतो.

गाडी आली तेव्हा गाव बघायला आलं. पहिला प्रश्न अर्थातच ‘ॲव्हरेज किती देते?’ याचं उत्तर नवऱ्याला आजतागायत नीट देता आलेलं नाही. तो ‘कशावर चालते त्यावर अवलंबून आहे बघा’ अशी सुरुवात करतो आणि समोरचा माणूस चपला शोधू लागतो. शेजारच्या आबांनी मात्र नेमकं विचारलं, ‘‘आणि रस्त्यात लाइट गेली म्हणजे?’’ त्यावर सगळे गंभीर झाले. आमच्याकडे लाइट कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी नवऱ्याने बटण दाबलं. आवाज आला नाही. त्याने पुन्हा दाबलं. तरी नाही. मग तो दाबतच राहिला आणि शेवटी शोरूमला फोन लावून त्याने तक्रार केली की तुमची कोरी गाडी सुरूच होत नाही. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, ‘‘सर, पहिल्यांदा दाबल्यावर ती सुरू झाली होती. तुम्ही बंद का केलीत?’’ डिझेलवाल्या माणसाला धडधडीशिवाय विश्वास बसत नाही. त्याचा डावा पाय अजून क्लच शोधतो. डावा हात गिअर शोधायला जातो आणि माझ्या पर्सवर आपटतो. सगळ्यात मजा म्हणजे कुठेही पोचलो की तो गाडी बंद करत नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ तसाच बसतो. टर्बोला निवू देतो. या गाडीच्या विजेला टर्बोच नाही, हे मी त्याला सांगायचं सोडून दिलं आहे.

अक्काला आम्ही अर्धंच सांगितलं. ‘‘लाइटवर चालते,’’ एवढंच. पेट्रोलचं नावही काढलं नाही. तिने संध्याकाळी ओसरीवर बसून गाडीला वायर लावलेली पाहिली, चार्जिंगसाठी आम्ही अंगणात मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग करून घेतलं तेही पाहिलं आणि तिची खात्री पटली. गावातून एक चक्कर मारली, तिला काही झालं नाही. तिने साक्रीला फोन लावला. ‘‘ना धूर ना वास. झोका मा बठेलसारखं वाटस. पिशवी भरी ठेव.’’

असोदा ते साक्री हा पल्ला बॅटरीच्या आवाक्यातला नाही, हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. नवऱ्याचा हिशोब असा की पारोळ्यापर्यंत बॅटरी पुरेल, तोवर आईला डुलकी लागलेली असेल. निघताना मी नेहमीप्रमाणे लिंबू पुढे केलं. अक्काने ते परत माझ्या हातात ठेवलं. ‘‘लाइटनी गाडीमा लिंबू कसाले?’’

आखाजी आठवड्यावर आली होती आणि ऊन असं की सकाळी नऊलाच दरवाजाच्या कडीला हात लावता येत नव्हता. एसी जोरात, त्यामुळे बॅटरी हिशोबाआधीच आटली. एरंडोल सोडलं आणि पुढून हलकीशी घरघर ऐकू आली. नवऱ्याने झटकन एसीचा पंखा वाढवला आणि कापसाच्या भावाबद्दल मोठ्याने बोलायला लागला. मी मागच्या सीटवरून शाळेतल्या स्नेहसंमेलनाची एक गोष्ट सुरू केली, जिला शेवट नव्हता. पुढच्या सीटवर अक्काने डोळे मिटलेले होते. हात मांडीवर, पदर तोंडाशी. नवऱ्याने आरशातून मला खूण केली: झोपली. आम्हा दोघांना एवढा आनंद झाला की काय सांगू. आपण कुणाला तरी त्याच्या भल्यासाठी फसवतो आहोत, या समाधानाला तोड नसते.

धुळ्याला चहाला थांबलो. अक्काने चहा घेतला नाही, आज उपास आहे म्हणाली. कसला उपास ते मी विचारलं नाही. साक्रीला पोचलो तेव्हा गाडीतून उतरून ती आधी मावशीच्या दारातल्या निंबाला धरून थोडी उभी राहिली. मावशी ओट्यावरून धावत आली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तशी आली, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी पण रडले. नवरा गाडीत बसून टर्बोला निवू देत होता.

मावशीने पिशवी खरंच भरून ठेवली होती. शिवाय कुरडयांचा डबा, शेवयांचा डबा आणि बहिणीसाठी घेतलेलं एक लुगडं, जे ती आखाजीलाच देणार होती म्हणून दाखवत नव्हती आणि दर थोड्या वेळाने दाखवत होती. तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. ‘‘लाइटवरच चालस ना? नही ते मनी काई तयारी नही.’’ अक्का दर वेळी म्हणायची, ‘‘लाइटवरच.’’

दुपार कलल्यावर नवऱ्याने चार्जिंगची वायर काढली आणि आमची गंमत संपली. मावशीच्या घरात तीन पिनांचा एकच सॉकेट, फ्रिजच्या मागे. वायर लावली की गाडी लाल दिवा दाखवायची आणि चार्ज घ्यायला नकार द्यायची. कारण तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नव्हतं, अर्थिंग घरात कधी आलंच नव्हतं. असोद्याला आम्ही मीठ-कोळसा घालून खड्डा केला, पण साक्रीला पोचल्यावर काय, हा विचार आम्हा दोघा शिकलेल्यांच्या डोक्यात आला नाही. नवऱ्याने मीटरखालच्या जमिनीत एक जुनी तार दिसली तिथे बादलीभर पाणी ओतलं. दिवा लालच. शेजारचे एक काका हे सारं बघत होते, ते आपुलकीने म्हणाले, ‘‘भाऊ, आकडा टाकी देऊ का?’’ माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मीटर असलेल्या घरात आकड्याचा विचार केला असावा, कारण नाही म्हणायला त्याने वेळ घेतला.

ओट्यावरून मावशी विचारत होती, ‘‘भराई ऱ्हायनी का?’’ वायर गाडीला लावलेली तिला दिसत होती. लाल दिवा तिला दिसत नव्हता.

रात्री जेवताना आम्ही दोघं मनातल्या मनात हिशोब मांडत होतो. सकाळी तर इंजिनावरच निघायचं होतं, तेही साक्रीपासून थेट असोद्यापर्यंत. मावशीला खरं सांगितलं तर ती येणार नाही. मग अक्का परत एकटी जाणार, पिशवी परत रिकामी होणार, आणि पुढच्या आखाजीला कोण कशा अवस्थेत असेल ते कुणी सांगावं. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, सगळ्यात जास्त त्या लाल दिव्याचा. नवरा म्हणाला, ‘‘डिझेल असती तर...’’ मी त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं.

सकाळी आंघोळ झाल्यावर मी ठरवलं, सांगून टाकायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का ओट्यावर येऊन मोठ्याने म्हणाली, ‘‘रातभर भरनी. आते फुल्ल शे. चाल, बठ.’’

मावशी खुशीत आत कुलूप शोधायला गेली. अक्काने आम्हा दोघांना निंबाखाली बोलावलं.

‘‘एरंडोलना पुढे इंजिन चालू व्हयनं, ते मले समजनं नही असं वाटस का तुम्हले?’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘बठ्ठा रस्ता पोट ढवयत व्हतं.’’

नवऱ्याने विचारलं, ‘‘मग बोलली का नाहीस माय?’’

‘‘सांगतू ते तू गाडी फिराई लेता. मनी बहीण आठे डोया लाई बठेल व्हती.’’ तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत सुकत आलेलं लिंबू होतं. आमच्या घरचं नव्हे, स्वतःचं वेगळं आणलेलं. ‘‘आते तिले काई सांगू नका. मी बोलत ऱ्हासू, तिना ध्यानमा येवाव नही.’’

आम्ही जिला फसवून आणलं म्हणून काल खुशीत होतो, तिने आम्हाला आणि स्वतःच्या पोटाला एकाच वेळी फसवलं होतं. मला फार लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला.

निघालो. या गाड्यांच्या बॅटरीत तळाशी थोडीशी वीज नेहमी शिल्लक असते, तेवढ्यावर ती गल्लीतून अगदी गुपचूप बाहेर आली. मावशीने शेजाऱ्यांना हात केला, ‘‘लाइटवर चालनू!’’ हायवेला लागताच इंजिन सुरू झालं, आणि अक्काही सुरू झाली. दोघी मागे बसल्या होत्या. असोद्यात कुणाच्या घरी कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची सून कुणाला काय म्हणाली, हे सगळं ती इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगत होती. चढ आला की इंजिन मोठं होई, तशी तीही मोठी होई. नेरच्या अलीकडे विषय संपले, तेव्हा तिने आखाजीला झोक्यावर म्हणतात ती गाणी सुरू केली. तिचा आवाज काही गोड नाही, हे तिलाही माहीत आहे.

धुळ्याच्या बाहेर पंपाशी थांबलो. पेट्रोल भरायला नव्हे, पाय मोकळे करायला, असं सगळे म्हणाले. अक्का तोंड धुवायला नळाकडे गेली. तेवढ्यात मावशीने मागून माझा दंड धरला.

‘‘सूनबाई, इंजिन चालू शे ना?’’

मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. खोटं बोलायची वेळ आली की माझी जीभ नेमकी तेव्हा खरी निघते.

‘‘निंघनूत तवयपासून चालू शे,’’ ती म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता आणि कपाळावर घाम होता, एसी असून. ‘‘तिले सांगजो नको. तिले वाटस मले काई कयनंच नही. इतली म्हातारी व्हई मना साठे मुराळी वनी. मुराळीले कोनी परत धाडस का?’’

अक्का परत आली. मावशीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘म्हन वं, पुढलं गाणं म्हन.’’

त्यानंतर मी मागे वळून बघितलं नाही. समोरचा रस्ता धूसर दिसत होता, काच स्वच्छ असूनही. नवऱ्याला मी हळूच सगळं सांगितलं. त्याने गाडी हळू केली. खड्डा टाळायला त्याने जेवढी काळजी घेतली तेवढी त्याने त्याच्या लाडक्या डिझेलसाठीही घेतली नव्हती.

पारोळा गेलं. एरंडोलच्या अलीकडे, आंबे विकायला बसलेल्या बायांच्या जरा पुढे, मागून दोन आवाज एकाच वेळी आले, ‘‘जरासा थांब.’’ नवऱ्याने गाडी कडेला घेतली. दोन्ही मागची दारं उघडली. अक्का डाव्या बाजूला उतरली, मावशी उजव्या बाजूला, आणि दोघींच्या मधे आमची नवी कोरी गाडी उभी राहिली. आम्ही दोघं पुढे ताठ बसून, समोरच्या बाभळीकडे बघत होतो. एसी पूर्ण जोरात ठेवला होता, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये.

थोड्या वेळाने दोघी आपापल्या दाराने परत येऊन बसल्या. दोघींनी तोंडं पुसलेली होती. दोघींच्या मधल्या सीटवर आता एक लिंबू होतं, कुणी ठेवलं ते मी पाहिलं नाही.

‘‘कशी शे गाडी?’’ अक्काने विचारलं.

‘‘बेस शे,’’ मावशी म्हणाली. ‘‘वासच नही.’’

नवऱ्याने गाडी रस्त्यावर घेतली. इंजिनाचा आवाज आम्हा चौघांनाही नीट ऐकू येत होता, आणि असोदा येईपर्यंत चौघांपैकी कुणीही त्याचं नाव काढलं नाही.